गोळी लागू का पडत नाही? जंतूच्या एका हत्याराची ओळख

"ह्याला आता साधी गोळी लागू पडत नाही, हेवी डोसच द्यावा लागतो." दवाखान्याच्या बाकावर घटकाभर बसले की हे वाक्य कानावर येतेच. बोलणारी कधी आई असते, कधी आजी, कधी मेडिकलच्या काउंटरमागचा मुलगा. त्यामागची समजूत अशी, की औषधे घेऊन घेऊन शरीराला सवय झाली आहे, म्हणून आता आणखी जोराचे औषध हवे.

ही समजूत चुकीची आहे आणि ती महागात पडते. अँटिबायोटिकच्या बाबतीत बदलते ते आपले शरीर नव्हे, बदलतो तो जंतू. आपल्या आतड्यात, सांडपाण्यात आणि रुग्णालयांत राहणाऱ्या काही जिवाणूंकडे औषध मोडून टाकणारे हत्यार आले आहे. त्या हत्याराला एन्झाइम म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यालाच विकर म्हटलेले असते. हे हत्यार कसे असते, कसे चालते आणि ही माहिती आपल्या घरात कशी कामी येते, ते आम्ही यावेळी सांगणार आहोत. थोडे रसायनशास्त्र येईल, पण बिचकू नका. ज्याने गवंडीकाम आणि उंदराचा सापळा पाहिला आहे त्याला ते समजेल.

भिंत, गवंडी आणि सापळा

जिवाणू हा एकाच पेशीचा जीव. त्याच्या भोवती एक मजबूत भिंत असते. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते. जिवाणू वाढतो तेव्हा ही भिंत सतत बांधावी लागते. त्यासाठी त्याच्याकडे गवंड्यासारखी काम करणारी प्रथिने असतात. ती विटेला वीट सांधत जातात. सांधा कच्चा राहिला तर आतल्या दाबाने जिवाणू फुटून मरतो.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले. त्या बुरशीतून पेनिसिलिन मिळाले. पेनिसिलिनच्या रेणूच्या मध्यभागी चार अणूंचे एक लहानसे चौकोनी कडे असते, तीन कार्बनचे आणि एक नायट्रोजनचा. त्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या रेणूची रचना उलगडली, तेव्हा हे कडे नक्की झाले. चार अणूंना इतक्या लहान चौकोनात बसायला आवडत नाही. त्यामुळे ते कडे कायम ताणलेले असते, अगदी ओढून लावलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे.

आता गंमत पाहा. हा सापळा बाहेरून भिंतीच्या विटेसारखा दिसतो. गवंडी त्याला वीट समजून हातात घेतो आणि सापळा खट्कन मिटतो. गवंड्याचा हात त्यात अडकतो तो सुटतच नाही. भिंतीचे काम थांबते आणि जंतू मरतो. माणसाच्या पेशीला भिंतही नाही आणि असा गवंडीही नाही, म्हणून औषध जंतूला मारते आणि बहुतेक वेळा आपल्याला सोडून देते.

अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम ही नावे तुम्ही पट्टीवर किंवा इंजेक्शनच्या बाटलीवर पाहिली असतील. या सगळ्यांच्या पोटात हेच चौकोनी कडे आहे. नावे आणि किमती वेगळ्या असल्या तरी सापळा एकच.

सापळा आधीच उडवणारा

जिवाणूचे हत्यार नेमके या कड्यावर चालते. त्याचे नाव बीटा-लॅक्टमेज. औषध गवंड्यापर्यंत पोहोचण्याच्या आतच हे एन्झाइम त्याला गाठते आणि पाण्याचा एक रेणू वापरून चौकोनी कडे एका बाजूने तोडते. उडून गेलेल्या सापळ्याने उंदीर सापडत नाही, तसे तुटलेल्या कड्याच्या औषधाने जंतू मरत नाही. एन्झाइम मात्र शाबूत राहते आणि पुढच्या रेणूकडे वळते. टेम-१ नावाचे असे एक नेहमी आढळणारे एन्झाइम एका सेकंदाला पेनिसिलिनचे हजाराच्या घरात रेणू निकामी करू शकते.

टेम-१ मध्ये सेरीन नावाचा एक घटक मोक्याच्या जागी बसलेला असतो. तो स्वतः औषधाला पकडतो. गवंड्याचा हातही सेरीनच्याच जागी अडकतो. फरक एवढाच, की गवंड्याला सुटता येत नाही आणि या एन्झाइमला येते, कारण त्याच्या शेजारीच पाण्याचा रेणू तयार ठेवलेला असतो. पाणी येते, तुटलेले औषध निसटते, हात मोकळा होतो.

शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड नावाचा पदार्थ औषधासारखाच दिसतो, पण एन्झाइमने त्याला पकडले की एन्झाइमच कायमचे अडकून बसते. जणू शत्रूपुढे टाकलेले आमिष. १९८१ साली अ‍ॅमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड मिसळलेली गोळी इंग्लंडमध्ये बाजारात आली. आज ती आपल्याकडच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळते. पट्टीवर 'पोटॅशियम क्लॅव्हुलॅनेट' लिहिलेले दिसले तर ते हे आमिष आहे असे समजा. ती साध्या गोळीहून अधिक 'पॉवरची' नसते. ज्या जंतूजवळ हे हत्यार आहे, त्याच्याचसाठी ती बनवलेली आहे. हत्यार नसलेल्या जंतूवर साधी अ‍ॅमॉक्सिसिलिनही पुरते.

जस्ताच्या दोन कणांचे एन्झाइम

२००८ साली भारतातून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला नावाचा जिवाणू सापडला. त्याच्यावर मेरोपेनेमच्या गटातील औषधेही चालत नव्हती. ही औषधे रुग्णालयात सलाईनमधून दिली जातात, ती बाकीचे उपाय थकल्यावर राखून ठेवलेली असतात. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्या जंतूतील नवीन एन्झाइमची माहिती प्रसिद्ध केली आणि त्याला 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१', थोडक्यात एनडीएम-१, असे नाव दिले. राजधानीचे नाव जंतूच्या हत्याराला दिल्यामुळे आपल्याकडे बरेच वादळ उठले. पण नावाच्या वादात हत्याराची ओळख मागे पडायला नको.

एनडीएम-१ ही २७० अमिनो आम्लांची साखळी आहे. माळेतले मणी असावेत तशी. ही माळ दुमडून तिचा एक गोळा होतो आणि त्या गोळ्याच्या वरच्या अंगाला एक उथळ खोबण असते. खोबणीच्या तळाशी जस्ताचे, म्हणजे झिंकचे, दोन अणू बसलेले असतात. एका अणूला हिस्टिडीन नावाच्या तीन मण्यांनी धरलेले असते. दुसऱ्याला एका अ‍ॅस्पार्टिक आम्लाने, एका सिस्टीनने आणि एका हिस्टिडीनने. या दोन जस्तांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू अडकवलेला असतो, आणि जस्तामुळे त्याला धार चढलेली असते. औषध खोबणीत उतरले की हे धारदार पाणी थेट चौकोनी कड्यावर पडते आणि कडे तुटते.

इथे सेरीनचा हात मध्ये येतच नाही. म्हणून क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडचे आमिष इथे वाया जाते. पकडायला हातच नाही तर अडकणार कोण? शिवाय खोबण रुंद आहे आणि तिच्या तोंडाशी असलेला साखळीचा एक वाक लवचिक आहे. त्यामुळे पेनिसिलिन, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, मेरोपेनेम अशा वेगवेगळ्या आकारांच्या औषधांना आत जागा होते. एक किल्ली अनेक कुलपांना लागावी तसा हा प्रकार आहे.

हे एन्झाइम जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्याला आतून खुंटीला बांधल्यासारखे जोडलेले असते. त्यामुळे जस्त कमी पडले तरी ते चटकन नष्ट होत नाही. अ‍ॅझट्रिओनॅम नावाचे एक औषध मात्र त्याला नीट तोडता येत नाही. पण ज्या जंतूत एनडीएम-१ असते त्यात बहुधा टेमसारखी इतर हत्यारेही असतात आणि ती अ‍ॅझट्रिओनॅमला तोडू शकतात. म्हणून डॉक्टरांना दोन औषधांची जोडी करावी लागते, नाहीतर कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडाला त्रास देणारे जुने औषध काढावे लागते.

आपल्या मुंबईतही हा जंतू तेव्हाच पोहोचला होता. एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेरोपेनेमच्या गटाला दाद न देणारे २४ जिवाणू तपासले होते. त्यांपैकी २२ जिवाणूंजवळ एनडीएम-१ निघाले.

जस्ताचे नाव ऐकून काही आया दचकतील, म्हणून इथेच सांगून ठेवतो. मुलाला जुलाब झाल्यावर ओआरएसबरोबर जी झिंकची गोळी देतात, तिचा या गोष्टीशी संबंध जोडून ती बंद करू नका. जिवाणूला लागणारे जस्त अगदी सूक्ष्म असते आणि ते त्याला कुठेही मिळते. आपल्या बाळाला मात्र ती गोळी जुलाबातून सावरायला मदत करते. आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे ती १४ दिवस पूर्ण द्या.

हत्यार आले कुठून आणि फिरते कसे?

जिवाणूंनी ही हत्यारे आपल्या गोळ्या पाहून बनवली नाहीत. मातीत बुरशी आणि जिवाणू यांचे भांडण माणसाच्या जन्माआधीपासून चालू आहे. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिन तोडणाऱ्या एन्झाइमची नोंद १९४० साली केली. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णांवर पेनिसिलिनच्या इंजेक्शनांचे उपचार झाले ते १९४१ साली. म्हणजे औषध माणसापर्यंत पोहोचण्याआधीच त्यावरचे हत्यार जंतूच्या हाती होते.

मग आपला दोष कुठे येतो? समजा, तुमच्या आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंपैकी मूठभरांजवळ हे हत्यार आहे. एरवी त्या मूठभरांना कोणी विचारत नाही, कारण जागा आणि अन्न बाकीच्यांनी व्यापलेले असते. साध्या सर्दीला तुम्ही अँटिबायोटिक घेतले. बिनहत्यारी जिवाणू मेले. हत्यारवाल्यांना सगळे मैदान मोकळे मिळाले. सर्दी ज्या विषाणूमुळे झाली त्याला तर भिंतच नसते, त्याला औषध लागलेच नाही. तो आपला वेळ संपल्यावर गेला आणि श्रेय गोळीला मिळाले. 'औषधाची सवय' म्हणतात ती ही. ती शरीरात नसते, शरीरात राहणाऱ्या जंतूंच्या वस्तीत असते.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. एनडीएम-१ बनवण्याची कृती जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावरच लिहिलेली असते असे नाही. बहुतेकदा ती प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या एका लहान, सुट्या कड्यावर असते. एक जिवाणू शेजारच्या जिवाणूला त्या कड्याची नक्कल देऊ शकतो. मोबाइलवरून गाणे पुढे पाठवावे तसे. आपल्याकडचे आपल्याकडे राहते आणि दुसऱ्यालाही मिळते. घेणारा जिवाणू त्याच जातीचा असावा लागतो असेही नाही.

२०११ साली नवी दिल्लीतील पाण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रस्त्यावर साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ चे जनुक सापडले. पिण्याच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत ते होते. हगवण आणि पटकी यांच्या जातकुळीतल्या जिवाणूंपर्यंतही ते पोहोचले होते. प्रयोगशाळेत असेही दिसले की जिवाणू एकमेकांना हे कडे देतात ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास अधिक प्रमाणात. आपल्या देशात वर्षातले कितीतरी महिने गटाराचे पाणी तेवढे कोमट असतेच.

म्हणून हा प्रश्न फक्त 'गोळ्या नीट घ्या' एवढ्यावर सुटत नाही. ज्या गल्लीत पाण्याची वाहिनी गटारातून जाते, पाणी दिवसातून तासभर येते आणि उरलेला वेळ वाहिनी रिकामी राहते, तिथे फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. ज्या घराने महिनोन्महिने एकही अँटिबायोटिक घेतलेले नाही, त्या घराच्या हंड्यातही दुसऱ्याच्या औषधाने निवडून ठेवलेला जंतू येऊ शकतो. असा जंतू आतड्यात गुपचूप राहतो, त्रास देत नाही. पण बाळंतपणात, ऑपरेशनच्या जखमेत, लघवीच्या नळीतून किंवा तान्ह्या बाळाच्या रक्तात तो शिरला, की डॉक्टरांच्या हाती औषधे कमी उरतात. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

हे हत्यार औषधापुरतेच शूर आहे

आता धीराची गोष्ट. बीटा-लॅक्टमेज फक्त त्या चौकोनी कड्यावर चालते. उकळत्या पाण्यापुढे त्याचे काही चालत नाही. साबणाने हात चोळले तर हत्यारवाला जिवाणूही साध्या जिवाणूसारखाच वाहून जातो. मोठ्या रुग्णालयाला न जुमानणारा जंतू आपल्या चुलीवरच्या पातेल्यात मरतो. म्हणून या गोष्टी लहान समजू नका:

पिण्याचे पाणी खळखळून उकळा किंवा त्यात सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीनचे थेंब टाका. माठात हात बुडवू नका, ओगराळे वापरा. शौचानंतर, बाळाचे ढुंगण धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. रुग्णालयात नातेवाईक पाहायला गेलात तर खाटेजवळ जाण्याआधी आणि निघताना हात धुवा.

सर्दी, नाक वाहणे, घसा खवखवणे, साधे पातळ जुलाब यांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. डॉक्टरांना विचारा: "हा आजार जिवाणूचा आहे का? अँटिबायोटिक लागेलच का? किती दिवस घ्यायचे?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. "एक सुई मारा, लवकर बरे वाटेल" असा आग्रह मात्र आपण सोडला पाहिजे.

गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, मेरोपेनेम आणि टीबीच्या औषधांसह अनेक औषधे 'शेड्यूल एच-१' या यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वहीत लिहायचे असते. चिठ्ठी न मागता ती देणारा दुकानदार आपल्यावर उपकार करत नाही.

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्या. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबवू नका आणि उरलेली पट्टी शेजारच्या मुलाला देऊ नका.

टीबीबद्दल वेगळे सांगायला हवे. टीबीच्या जंतूजवळ बीटा-लॅक्टमेज जन्मतःच असते, म्हणून त्यावर पेनिसिलिनसारखी औषधे एकटी उपयोगाची नाहीत. टीबीची नेहमीची औषधे वेगळी आहेत. तिथे जंतू औषध तोडत नाही, बहुधा औषध जिथे बसते ती जागाच बदलतो. मधेच सोडलेल्या उपचारातून असे बदललेले जंतू वाढतात. सरकारी केंद्रात हा उपचार मोफत आहे, तो शेवटपर्यंत घ्या.

आणि हेही तितकेच खरे, की अँटिबायोटिकला घाबरून बसायचे नाही. बाळ भराभर श्वास घेत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तान्हे मूल दूध ओढत नसेल, शौचातून रक्त पडत असेल, किंवा थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ असेल, तर घरी थांबू नका. तिथे योग्य अँटिबायोटिक वेळेवर मिळणे म्हणजेच जीव वाचणे. लघवीचा किंवा जखमेचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर 'कल्चर' तपासणी करता येईल का, असे विचारा. त्या तपासणीत जंतूवर कोणते औषध चालते आणि कोणते नाही ते कळते. अंधारात हेवी डोस मारण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पाण्याचा अर्जही औषधच आहे

१९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिन देशात बनावे आणि गरिबाच्या आवाक्यात यावे म्हणून. तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. आज औषध नाक्यानाक्यावर मिळते, प्रश्न ते टिकण्याचा आहे. गरिबाला याची झळ आधी बसते. साध्या गोळीने काम झाले नाही तर पुढचे इंजेक्शन कित्येक पटींनी महाग असते, आणि त्यासाठी खाट, सलाईन, बुडालेली मजुरी हे सगळे आलेच.

घरातली शिस्त आपल्या हातात आहे, ती आपण पाळू. पण गटारातून गेलेली पाण्याची वाहिनी एकटे घर हलवू शकत नाही. म्हणून आमचे सांगणे असे: येत्या रविवारी विहारात बैठक होईल तेव्हा हे पान मोठ्याने वाचून दाखवा. कोणत्या गल्लीत नळाला घाण पाणी येते, वाहिनी कुठे फुटली आहे, शौचालयाची टाकी कुठे वाहते याची यादी त्याच बैठकीत करा. मग पाण्याचा नमुना तपासावा आणि वाहिनी गटाराबाहेर काढावी असा लेखी अर्ज वॉर्ड कार्यालयात द्या. त्यावर पोच आणि तारीख घ्या, आणि ती पोच महिला मंडळाच्या फाइलला लावा. महिन्याने पुन्हा त्याच खिडकीवर जाताना ती बरोबर असू द्या.